शेवटच्या पानावरच्या खुणा

*पत्र थोडक्यात असं: 'वय त्र्याहत्तर. एसटीत कंडक्टर होतो, बरीचशी नोकरी वेंगुर्ले, शिरोडा, रेडी या पट्ट्यात झाली. गावच्या वाचनालयाने मराठी भाषा गौरव दिनाला "माझं वाचन" या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलंय. मी आयुष्यभर वाचले ते बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आणि नारायण धारप, म्हणजे रहस्यकथा आणि भयकथा. मुलगी कॉलेजात मराठी शिकवते. ती म्हणते, बाबा, तिथे ही नावं नकोत, खांडेकरांवर बोला नाहीतर दळवींवर, मी लिहून देते. तिने दिलेलं भाषण पाठही केलं, पण झोप उडालीय. त्यात घराची कौलं उतरवून स्लॅब घालायचाय आणि माळ्यावरची तीनेकशे पुस्तकं मुलगा रद्दीत घाला म्हणतो. काय करू?'*

काका, नमस्कार.

तुमचं पत्र सहा पानांचं. त्यातली साडेचार पानं लेकीची बाजू मांडण्यात गेलीत. ती किती शिकली, तिला किती मान आहे, ती मन दुखवायला तसं बोलली नाही. सगळं कबूल. आता माझा निकाल ऐका: पाठ केलेलं भाषण करू नका. ते तिला परत द्या, कुठेतरी तिच्याच कामाला येईल.

हे मी तत्त्वाबित्त्वासाठी सांगत नाही. पकडले जाल म्हणून सांगतेय. बावीस वर्षांची असताना मी एका नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. समोर तिघे जण. आवडता लेखक कोण, असं विचारलं. आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत कंदील बारीक करून मी शिरवळकर वाचत होते, पण तोंडातून नाव निघालं ते एका फार मोठ्या लेखकाचं. त्यांच्या त्या कादंबरीची चाळीस पानं कशीबशी वाचून मी ती पालथी ठेवली होती. कोपऱ्यातले गृहस्थ एकदम खूश झाले, पुढे सरसावून म्हणाले, 'मग शेवट कसा वाटला?' नोकरी गेलीच, पण परतीच्या एसटीत जी लाज वाटली ती नोकरीची नव्हती. तुमच्या कार्यक्रमातही पहिल्या रांगेत असा एखादा निवृत्त मुख्याध्यापक बसलेला असणारच. गावात असतोच.

तुमच्या मुलीने टोमणा मारला म्हणता, 'शिरोड्यातून रोज गाडी नेलीत आणि वाचलंत काय, तर झुंजार!' झुंजार म्हणजे अर्नाळकरांचा नायक. टोमणा झकास आहे, मला हसू आलं. खरंच, तुमचा रूट म्हणजे मराठी साहित्याची वारीच होती की. शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं मास्तर होते. त्याच्या अलीकडचं आरवली जयवंत दळवींचं. वेंगुर्ल्याचा परिसर चिं. त्र्यं. खानोलकरांचा. आणि तुम्ही ट्रेमध्ये तिकिटांच्या खाली अर्नाळकरांचा काळापहाड दडवून यातून रोज जात होतात.

पण लेकीला एवढं विचारा, खांडेकर त्यांच्या काळात कोण होते? १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीला पहिलंच, त्यामुळे आता नाव घेताना आपण बसल्या जागी सावरून बसतो. पण माझ्या आजीने खांडेकर आणि फडके तांदळाच्या कणगीत लपवून वाचले. तिच्या सासऱ्यांच्या मते कादंबरी वाचणारी सून म्हणजे घर बुडालंच. कला कलेसाठी की जीवनासाठी यावर ते दोघे लेखक भांडत होते आणि आजी दोघांनाही एकाच कणगीत घालत होती. तांदूळ काढायला सासूबाई स्वतः गेल्या की तिच्या छातीत धडधडायचं. दळवींचं नाव तर या कामासाठी सुचवू नये. त्यांनी 'ठणठणपाळ' या टोपणनावाने 'ललित' मासिकात वर्षानुवर्षं मोठमोठ्या लेखकांच्या टोप्या उडवल्या. त्यांच्या आडून प्रतिष्ठित दिसायला जाल तर सगळ्यात आधी तेच हसले असते.

आता मुलीच्या बाजूने एक. तुमचं पत्र आल्यावर मी मुद्दाम जुनी रहस्यकथा काढून वाचली. कुठली ते सांगत नाही. नायिका सव्वाशे पानांत तीनदा बेशुद्ध पडते. खलनायक गोरा नसला की तो खलनायक आहे हे दुसऱ्याच ओळीत कळतं. नायकाचं पिस्तूल कधी रिकामं होत नाही. मुलगी शिकवते त्या वर्गात ही पुस्तकं तिने कशी उभी करावी, हा प्रश्न खरा आहे, त्यात तुमच्याबद्दलची लाज नाही. लाज असलीच तर ती सहकाऱ्यांसमोरची आहे आणि तिचा इलाज तुमच्याकडे नाही. तेव्हा व्यासपीठावरून 'हेच खरं साहित्य' असं ठणकावून सांगायला जाऊ नका. ज्याला तिथे भांडायचंय त्याला भांडू द्या.

याच भांडणाचा एक निकाल सर्वोच्च न्यायालयात लागलेला आहे, तो माझा फार लाडका. चंद्रकांत काकोडकर तुम्ही वाचले असणारच. त्यांची 'श्यामा' 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. एका कवीच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रियांची गोष्ट. अश्लील म्हणून खटला झाला, उच्च न्यायालयात शिक्षा झाली. मग १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना सोडलं. न्यायमूर्तींचं म्हणणं साधारण असं होतं, की ही गोष्ट वाङ्मयीन दृष्ट्या उच्च दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वताही त्यात दिसत असेल, पण गुन्हा दिसत नाही. निर्दोष सुटताना असा शेरा मिळालेला दुसरा लेखक मला माहीत नाही! त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरचा 'दो रास्ते' थिएटरात लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. दर्जा नसेल, गुन्हाही नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जे चाललं ते तुमच्या गावच्या वाचनालयाला चालायला हवं.

तुम्ही मध्येच लिहिलंय की लेखकावरची गोष्ट असली की तुम्ही हातातलं काम सोडून ती वाचता आणि असं का होतं ते कळत नाही. नातवाने तुम्हाला मोबाइलवर तो इंग्रजी सिनेमाही दाखवला, स्टीफन किंगच्या 'मिझरी'वरचा. बर्फात अपघात झालेला लोकप्रिय कादंबरीकार, आणि त्याला घरी नेऊन डांबून ठेवणारी त्याची सगळ्यात मोठी चाहती. 'मी पण तसलाच वाचक' असं लिहून तुम्ही पुढे चेहरा काढलाय. नाही हो. तुम्ही त्या बाईसारखे कोणाचे पाय मोडलेले नाहीत.

पण त्यातली एक गोष्ट आठवा. त्या लेखकाला आपल्या खपणाऱ्या मालिकेचा कंटाळा आलेला असतो, नायिकेला मारून त्याने काहीतरी भारदस्त लिहिलेलं असतं. ती बाई त्याला त्याच्याच हाताने ते बाड जाळायला लावते. हे वाचताना मला शांताबाई शेळक्यांची 'चौघीजणी', म्हणजे 'लिटल विमेन'चा अनुवाद, आठवत राहिली. तुमच्या मुलीने ती नक्की वाचलीय, आमच्या पिढीतल्या आणि नंतरच्याही मुलींनी ती पाठ केलीय. त्यातली ज्यो पैशांसाठी साप्ताहिकात खून-मारामारीच्या गोष्टी लिहिते. घराला हातभार लागतो. मग तो विद्वान प्रोफेसर तसल्या लिखाणावर नाक मुरडतो, ज्यो खोलीत येऊन आपल्या गोष्टी परत वाचते आणि चुलीत घालते. लहानपणी मला ते फार उदात्त वाटलं होतं. पुढे कळलं की ज्योला हे करायला लावणाऱ्या लुइझा मे अल्कॉटने स्वतः टोपणनावाने तशाच भन्नाट गोष्टी लिहिल्या होत्या आणि तिच्या मृत्यूनंतर अर्धशतक उलटल्यावर, १९४० च्या दशकात ते उघडकीला आलं. म्हणजे पुस्तकात जाळल्या, खऱ्या आयुष्यात मात्र छापून पैसे घेतले. शहाणी बाई.

तुम्हाला या गोष्टी का आवडतात, याचा माझा अंदाज सांगू? तुम्ही रोज रात्री वे-बिल लिहीत होतात. किती फेऱ्या, किती तिकिटं, किती रोकड, चार आणे कमी आले तर खिशातून. अर्नाळकरांच्या नावावर हजारांवर पुस्तकं आहेत. त्यातली सगळी प्रतिभेच्या झटक्यात कशी येतील? ती फेऱ्या मारूनच होतात. प्रकाशक दारात उभा, आधीची पानं छापायला गेलेली, आणि नायक धनंजय अजून तळघरात अडकलेला. लेखकावरच्या गोष्टीत तुम्हाला ही ड्यूटी दिसते. गाडी पंक्चर असली तरी शेवटच्या गावाला पोचवायची असते, हे ज्याने केलंय त्याला ते लगेच ओळखू येतं. माझा अंदाज चुकला असेल तर कळवा.

आता मुद्द्यावर येते. सहा पानांत तुम्ही दोन ओळी अशा टाकल्यात की त्यांच्यापुढे बाकीचं पत्र फिकं आहे, आणि त्या टाकून तुम्ही लगेच स्लॅबकडे वळलात.

पहिली ओळ वस्तीच्या गाडीची. रात्री साडेआठला गाडी शेवटच्या गावात पोचायची, ड्रायव्हर आणि तुम्ही देवळाच्या ओसरीवर झोपायचात, आणि गाडी थांबायच्या आत शाळेचे मास्तर दाराशी येऊन विचारायचे, 'बूक हाडलास मां?' म्हणजे पुस्तक आणलंस ना? स्टँडजवळच्या लायब्ररीतून रोजच्या भाड्याने घेतलेलं पुस्तक तुम्ही तिकिटांच्या पेटीतून न्यायचात. मास्तर ते रात्रीत संपवायचे, कारण पहाटे पावणेसहाला पहिली गाडी सुटायची आणि पुस्तक तुमच्याबरोबर परत जायचं. कधी पोस्टमनला मधल्या थांब्यावर द्यायचं, कधी सोसायटीच्या सेक्रेटरीला. एकदा धारपांचं पुस्तक दिलंत आणि मास्तर रात्री एकटे घरी जाईनात, ओसरीवर तुमच्याच शेजारी पथारी टाकून झोपले!

दुसरी ओळ त्या लायब्ररीची. केबल आलं, गिऱ्हाईक तुटलं, मालकाने दुकान बंद करताना दोन गोणी पुस्तकं तुमच्या गाडीच्या टपावर चढवून दिली. तीच ही माळ्यावरची. आणि तुम्ही लिहिता, 'प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर लोकांच्या खुणा आहेत, वाचलेलं परत नेऊ नये म्हणून.'

काका, या खुणा मला ठाऊक आहेत. आमच्याकडेही भाड्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात कोणाचा त्रिकोण, कोणाचं 'श्री', कोणाची तिरकी फुली असायची. माझ्या आईची खूण होती स्वस्तिकाचा अर्धा तुकडा. पूर्ण काढला तर घरात कळेल म्हणून अर्धा. रहस्यकथांची नावं सगळी सारखीच, मुखपृष्ठावर पिस्तूल आणि बाई. वाचलेलं की न वाचलेलं ते नावावरून कळायचं नाही, त्यापेक्षा मागचं पान उलटायचं. कुसुम अभ्यंकरांच्या कादंबऱ्यांवर तर बायकांच्या खुणांची दाटी असायची. त्या रत्नागिरीच्या आमदारही होत्या, आपली आमदारीणबाई लिहिते म्हणून दोनदा वाचणाऱ्याही होत्या.

तेव्हा आजच संध्याकाळी माळ्यावर चढा. म्हणजे तुम्ही नका चढू, नातवाला चढवा. पाचपंचवीस पुस्तकं खाली आणा आणि फक्त शेवटची पानं बघा. मास्तरांची खूण ओळखू येते का? पोस्टमनची? तुमची स्वतःची काय होती? एक पुस्तक निवडा ज्यावर खुणा जास्त आहेत, आणि ते कार्यक्रमाला घेऊन जा. पंधरा मिनिटांत लेखक थोर की सामान्य यावर एक अक्षर बोलू नका. हे पुस्तक कुठल्या स्टँडवरून निघालं, कुठे कुठे उतरलं, कोणी किती वाजेपर्यंत वाचलं आणि पहाटेच्या गाडीने कसं परत गेलं, एवढंच सांगा. दशावतार बघायला बसलेल्या माणसाला संकासुराचं काय होणार ते पाठ असतं, तरी तो पहाटेपर्यंत उठत नाही. झुंजार सुटणार हे मास्तरांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी रॉकेल जाळलं.

कागद हातात नको. तुम्ही पन्नास माणसांच्या गाडीत 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणत तीस वर्षं बोललात, तुम्हाला माइकची कसली भीती.

आणि ते शेवटचं पान मुलीला आधी दाखवा, कार्यक्रमाच्या आधी. भाषण परत देताना सोबत ते पुस्तक द्या. वाद घालू नका, नुसतं दाखवा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं, आपल्या कोकणात वाचनालयांची परंपरा दांडगी. पण शेवटच्या गावापर्यंत पुस्तक एसटीच्या तिकीटपेटीतून जात होतं, हे कुठल्या रजिस्टरात नोंदलेलं असेल? मराठी शिकवणाऱ्या बाईला त्या पानाचं मोल कळायला वेळ लागू नये. कळलं नाही तर मात्र मला कळवा, मी तिला वेगळं पत्र लिहीन.

आता रद्दीचं. मुलाला सांगा, कौलं दिवाळीनंतर उतरवा आणि पुस्तकं त्याआधी खाली येऊ द्या. हा कागद मुळात हलका, आंबट झालेला, कोपरा दुमडला की तुटतो. कडक उन्हात टाकू नका, ओसरीवर सावलीत दोन दिवस उघडी उभी करा, मऊ कुंचल्याने झटका. ज्याला वाळवी लागलीय ते बाजूला काढा, मोह धरू नका. फाटक्या पानांना सेलोटेप लावू नका, काही वर्षांत पिवळा डाग पडतो आणि पान तिथेच मोडतं. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात बांधू नका, पावसाळ्यात आतल्या आत बुरशी धरते. लोखंडी कपाट मिळालं तर उत्तम, भिंतीपासून चार बोटं लांब, फळीवर वाळलेला कडुलिंब.

तीनशेच्या तीनशे ठेवा, असं मी म्हणणार नाही. घर तुमचं, सून तुमची, जागा तुमची. गावच्या वाचनालयाला सगळी द्यायचा विचार असेल तर जरा सांभाळून. झिजलेली पुस्तकं निर्लेखित करण्याची त्यांची पद्धतच असते, आणि मग ती रद्दीतच जातात, फक्त ठराव करून. त्याआधी नातवाकडून एक वही भरून घ्या: नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, साल, आणि शेवटच्या पानाचा मोबाइलवर फोटो. ही पुस्तकं वाचून वाचूनच संपली, त्यामुळे शाबूत प्रती थोड्या. ज्यांवर खुणा दाट आहेत ती पन्नासेक ठेवा. उरलेली मुलाने नेली तरी जीव अडकणार नाही.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की १९८५ च्या सुमारास शिरवळकरांना पंधरा पैशांचं कार्ड लिहिलं होतं आणि शुद्धलेखन चुकलं असेल या भीतीने टाकलंच नाही. ते कार्ड अजून एका पुस्तकात आहे, कुठल्या ते आठवत नाही. अर्नाळकर १९९६ ला गेले, शिरवळकर २००३ ला, धारप २००८ ला, गुरुनाथ नाईक २०२१ ला. आता टाकायला पत्ता उरला नाही. पण पुस्तकं झटकताना ते सापडलं तर फेकू नका, चुका न सुधारता भाषणात वाचून दाखवा. मास्तर हयात असतील, चालतेफिरते असतील, तर रिक्षा करून त्यांना आणा आणि पहिल्या रांगेत त्या मुख्याध्यापकांच्या शेजारी बसवा.